पावती: दोन चर्च, वाकडी

गार्डसाहेबांची नात आली तेव्हा
मी एका लग्नाच्या फोटोला काच बसवत होतो.
तिनं चादर सोडली. रंगाचा वास आला,
किंवा चादरीतल्या डांबरगोळ्यांचा.
बावीस बाय सोळा, मी टेप न लावताच म्हणालो.
ती म्हणाली, याला पोस्ट-इम्प्रेशनिस्ट म्हणतात.
मी पावतीवर लिहिलं:
दोन चर्च, वाकडी. साग. बिनकाचेचं.

सत्तावीस वर्षं मी भुसावळात काटकोन विकतो.
गुण्या लावायचा, पट्टी पंचेचाळीसात कापायची,
आत बसतात तेराव्याला लागणारे आजोबा,
दहावीचं सर्टिफिकेट, निवृत्तीचा गौरव,
सगळे ताठ, श्वास धरून.
ह्या चित्रात गुण्या लावावा अशी एक रेघ नव्हती.

रेल्वे हद्दीतलं लाल चर्च डावीकडून झुकलेलं,
बाजारामागचं पांढरं उजवीकडून,
मधे पाण्याची टाकी,
भांडण सोडवायला उभी राहावी तशी.
क्वार्टरांची कौलं एकमेकांवर चढलेली,
मालगाडीला मागून धक्का बसल्यावर वाघिणी चढतात तशी.
आभाळ पिवळं.
सालीवर काळे ठिपके धरू लागतात ना केळीच्या,
ते पिवळं.
आणि सावल्या निळ्या.

सावली कुठं निळी असते, मी विचारलं.
तुम्ही कधी नीट बघितली का?
हाव ना, म्हणालो,
आणि कात्री शोधू लागलो.

रंग नखात अडकेल इतका जाड.
लाल मी ओळखला: सिग्नलच्या पात्याचा.
साहेबांच्या घरी म्हणे डबे असायचे,
तळाशी दोन बोटं उरलेले.

रविवारी स्कूटर काढली.
नॉर्बर्ट गार्ड कुठं स्टूल टाकून बसले असतील
ते शोधायला.
पुलावरून लाल दिसतं, पांढरं नाही.
लॉजच्या गच्चीवरून पांढऱ्याचा क्रूस,
लाल चर्च मात्र चिंचेआड.
लोको शेडच्या भिंतीवर चढलो ह्या वयात,
पँट फाटली.
दोन्ही एकदम दिसतील
अशी जागा ह्या गावात नाही.
मधे अकरा रूळ आहेत.

लाल चर्चच्या फाटकाशी शिमोन तायडे बसले होते,
घंटा ओढून ओढून एक खांदा उतरलेले.
म्हणाले, साहेब इथले. बाई तिथल्या.
लग्न जळगावला, कचेरीत.
इकडून कोणी गेलं नाही, तिकडून कोणी नाही.
सही करायला एक फायरमन,
हात धुवायलाही वेळ नव्हता त्याला.
मग काय, मी विचारलं.
मग काय. दर रविवारी
साहेब ह्या फाटकाशी तिची वाट बघायचे,
ती तिकडून प्रार्थना आटोपून
रूळ ओलांडत यायची, छत्री घेऊन.
नियमात बसत नव्हतं.
गार्डच तो, त्यालाच ठाऊक गाडी कधी.

चौकटीची खाच चारी बाजूंनी पाव इंच खाते.
कोणाचं काही बिघडत नाही:
आजोबांच्या फोटोत पाव इंच म्हणजे पडदा.
इथं खालच्या कडेला
ब्रशचा एक फटकारा होता, पांढरा,
वर जांभळा ठिपका.
जवळून नुसता रंग.
भिंतीपर्यंत मागे सरकलो, पाठीला खिळे टोचले,
तेव्हा तो ठिपका छत्री झाला.

मी पट्टी पुन्हा कापली.
चौकट चित्रापेक्षा मोठी केली,
मधे बोटभर फट सोडली चारी बाजूंनी,
चित्र कुठंही टेकू दिलं नाही.
शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, माप चुकलं तुझं.
हाव, म्हणालो.

मंगळवारी ती न्यायला आली.
ऊन कलत होतं, शटरची सावली फरशीवर पडली होती,
बघायची राहिली. गिऱ्हाईक होतं.
लाकूड जास्त लागलं, त्याचे पैसे लावले नाहीत,
फक्त पावती मागून घेतली परत
आणि खाली लिहिलं,
कार्बनवर उमटेल असं दाबून:
बाई एक. छत्रीसकट.